कुळाचं घर आणि बायकांची खोली

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला प्रवासवर्णन करायला उभं केलेलं नाही हे मला माहीत आहे. दुपारच्या सत्रात आपण आधार निधीवर बोलणार आहोत, एकट्या राहणाऱ्या, वय झालेल्या आपल्या सभासदांचं काय करायचं यावर. कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, मी पेनांगला एक घर बघून आले आहे, त्याबद्दल आधी बोलू द्या. म्हणून हे बोलणं. विषय लांबचा वाटेल, पण धीर धरा.

पेनांग म्हणजे मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट. आपल्या जुन्या पुस्तकांत याला पिनांग म्हणतात. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतलं आणि जॉर्ज टाउन हे बंदर वसवलं. अंदमानचं काळं पाणी सुरू व्हायच्या आधी मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदीसुद्धा या बाजूला पाठवत असत, त्यांच्याकडून रस्ते आणि इमारती बांधून घेत असत. त्यामुळे आपला या गावाशी काहीच संबंध नाही असं नाही. पण मी बघायला गेले होते ते चिनी लोकांचं घर.

तिथे याला ‘कोंगसी’ म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कोंगसी म्हणजे सामाईक, भागीदारीतलं. आजच्या चिनी भाषेत व्यापारी कंपनीला हाच शब्द आहे, आणि मलय भाषेत एखादी वस्तू वाटून घेणं याला हाच शब्द वापरतात. एका आडनावाच्या, एका मूळ गावच्या लोकांनी परदेशात येऊन एकत्र काढलेली संस्था, तिचं घर आणि तिचं देऊळ, हे सगळं मिळून कोंगसी. आपण कुलमंडळ, कुलदैवत आणि धर्मशाळा एका छपराखाली आणली तर जे होईल तसं काहीसं.

मी पाहिली ती खू आडनावाच्या लोकांची, खू कोंगसी. दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातल्या एका गावाहून हे लोक आले. १८३५ साली या आडनावाच्या १०२ जणांनी वर्गणी काढून निधी उभा केला. आकडा नेमका आहे, कारण नोंद ठेवलेली आहे. १८५१च्या सुमारास त्यांनी जागा घेऊन देऊळ केलं. १८९४ला ते पाडून फार भव्य बांधायला घेतलं, आणि १९०१ साली ते आगीत जळून गेलं. लोक म्हणाले, घर राजवाड्यासारखं झालं होतं, सम्राटाची बरोबरी केली म्हणून देवाचा कोप झाला. मग जरा लहान करून पुन्हा बांधलं, ते १९०६ला पुरं झालं. ‘लहान’ म्हणतात ते हेच, जे आज उभं आहे! छपराच्या कडेकडेने चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे तुकडे कापून, जोडून केलेली फुलं, पक्षी, ड्रॅगन. दगडी खांबांवर कोरीव काम, तुळयांवर सोन्याचा मुलामा. मान वर करून करून दुखायला लागते.

आत शिरायची वाट मात्र अरुंद गल्लीतून आहे. बाहेरच्या रस्त्यावरून पत्ता लागणार नाही की आत एवढा चौक आहे, देवळासमोर नाटकाचा पक्का मंच आहे आणि भोवती कोंगसीच्याच मालकीची घरं आहेत. हे मुद्दाम. दंगे होत तेव्हा गल्ली बंद केली की आतले सुरक्षित. १८६७च्या ऑगस्टमध्ये दहा दिवस या गावात दोन गुप्त टोळ्यांची लढाई झाली. त्यातल्या एकीचा म्होरक्या या खू कुळातलाच, खू थिआन तेक. मजुरांचा आणि अफूचा मोठा व्यापारी. त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य झाली, तुरुंगातून सुटून तो पुन्हा प्रतिष्ठित झाला. पेनांगात त्याच्या नावाचा रस्ता आहे. चौकाचं इंग्रजी नावही तोफेवरून आहे, त्या दंग्यात तिथे तोफगोळा पडला म्हणून.

दाराशी दोन दगडी पहारेकरी आहेत आणि ते शीख आहेत. फेटा, दाढी, सगळं. श्रीमंत चिनी लोक शीख दरवान ठेवत, म्हणून देवळालाही तेच घडवले. मी भारतातून आले हे कळल्यावर आमच्याबरोबरच्या बाई हसून म्हणाल्या, ‘तुमची माणसं आमच्या दारात उभी आहेत.’ मीही हसले. पण उपऱ्यांच्या बंदरात कोण दारात उभा आणि कोण गाभाऱ्यात, हेही त्या दगडात कोरलेलं आहे.

वर तीन दालनं आहेत. मधल्यात कुळाचे रक्षक देव. एका बाजूला समृद्धीचा देव, तुआ पेक कोंग. आणि दुसऱ्या बाजूला पूर्वज. मी या तिसऱ्या दालनात सर्वांत जास्त वेळ थांबले. तिथे लाकडी नामपट्टिका आहेत, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या. आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात तसं समजा, पण टाक मुके असतात आणि इथे नाव लिहिलेलं असतं. नाव लिहिलं की त्या मृताला जागा मिळाली, वर्षाच्या ठरावीक दिवशी त्याला जेवण मिळणार, धूप मिळणार. पट्टिका नसेल तर तो भटकत राहणार, उपाशी. बाहेरच्या भिंतींवर आणखी नावं आहेत, कुळातल्या कोणी कोणती पदवी घेतली, कोणता मान मिळवला. जिवंतपणी कीर्ती आणि मेल्यावर जेवण, दोन्हींची व्यवस्था एकाच घरात.

या व्यवस्थेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. विचार करा, अठरा-वीस वर्षांचा पोरगा बोटीतून उतरतो, खिशात दमडी नाही, भाषा येत नाही. कोंगसी त्याला झोपायला जागा देते, कामाला लावते, भांडण मिटवते, घरी पत्र आणि पैसे पोचवते, मुलगा शिकला तर फी भरते, आणि मेला तर माती देते. सरकारने यातलं काहीही केलं नसतं. परक्या मुलखात माणसाला माणूस म्हणून उभं करण्याचं काम या घरांनी केलं. त्या १०२ जणांचं मला खरोखर कौतुक वाटतं.

फक्त ते १०२ पुरुष होते. आणि मी मनात म्हणत होते की तोच पोरगा जर पोरगी असती तर?

या घरात शिरायला परंपरेने एकच दार आहे: बापाचं आडनाव. मुलगी या कुळात जन्मते खरी, पण एका आडनावात लग्न होत नाही, म्हणजे ती दुसऱ्या आडनावात जाणारच. वंशावळीच्या पोथीत मुलाची रेघ पुढे पुढे जाते, मुलगी बहुधा येतच नाही. सून येते, पण तिचं स्वतःचं नाव पुष्कळदा नसतं. ‘लिम घरची’, ‘तान घरची’, एवढंच. नवऱ्याशेजारी तिची पट्टिका लागते, आणि तिच्या पोटी मुलगे झाले असतील तर तिला जेवायला घालणारेही असतात. आता फार नाक मुरडू नका. आपल्याकडचे कुलवृत्तांत काढून बघा. आमच्या घरी आहे एक, जाडजूड. त्यात मुलीचं नाव येतं, कुठे दिली ते येतं, आणि तिथेच तिची रेघ संपते. चिनी लोकांनी निदान बाईचं माहेरचं आडनाव ठेवलं, आपण लग्नाच्या दिवशी तांदळात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावसुद्धा पुसून टाकत होतो.

पण सून म्हणून तरी जागा आहे. जिचं लग्नच झालं नाही तिचं काय? दक्षिण चीनमध्ये समजूत अशी की अविवाहित मुलीची पट्टिका बापाच्या देव्हाऱ्यात लावता येत नाही. ती त्या घरची नाहीच मुळी, आणि जिथली व्हायची तिथे गेली नाही. तिने बापाच्या किंवा भावाच्या घरात प्राण सोडणंसुद्धा अशुभ. मग काही ठिकाणी मेलेल्या मुलीचं लग्न लावून देत, कुणा परक्याच्या देव्हाऱ्यात तिची सोय व्हावी म्हणून. आपल्याकडे मुंज्याला निदान पार तरी मिळतो.

शिवाय या श्रीमंत घरांत आणखीही मुली होत्या. गरीब आईबापांकडून विकत घेतलेल्या. कँटनकडचे लोक त्यांना ‘म्वी त्साय’ म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. किती गोड नाव! पेनांगच्या होक्किएन घरांत ‘चा बो कान’. सात-आठ वर्षांची पोर, पगार नाही, बाहेर जायला परवानगी नाही, मालकाच्या मर्जीने पुढे लग्न किंवा आणखी काही. ब्रिटिशांनी १९३२मध्ये कायदा केला, असलेल्या मुलींची नोंद करा आणि नव्या घेऊ नका. मग घरं सांगू लागली, ही नोकर नव्हे, दत्तक घेतली आहे. १९३६मध्ये लंडनहून चौकशी आयोग नेमला गेला, त्यात एकच बाई होती, एडिथ पिक्टन-टर्बरव्हिल. दोघा पुरुष सदस्यांशी तिचं पटलं नाही, तिने स्वतंत्र अहवाल लिहिला. तिचं म्हणणं असं की फक्त म्वी त्साय नव्हे, एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या प्रत्येक मुलीची नोंद आणि तपासणी व्हायला हवी, नाव दत्तकाचं असो की कशाचंही. बरोबर बोलली की नाही? घरकाम करणाऱ्या लहान मुलींच्या प्रश्नावर ज्यांनी काम केलं आहे त्यांना विचारा, ‘नातेवाईकाची मुलगी आहे, शिकायला आणली’ हे वाक्य किती वेळा ऐकलं ते.

बायकांच्या मालमत्तेचं एक सांगते, थोडक्यात. १९०८ साली सिंगापूरच्या कोर्टात सहा विधवांचा खटला गाजला. एका श्रीमंत चिनी माणसामागे सहा बायका, प्रत्येकीचा दावा की मी त्याची पत्नी. कोर्टाने धाकट्या बायकांचाही हक्क मानला आणि विधवेचा जो एक तृतीयांश वाटा तो त्यांच्यात वाटून दिला. म्हणजे एकीचा घास सगळ्यांनी वाटून खायचा, पुरुषाच्या वागण्याला मात्र बाध नाही. मलेशियात मुस्लिमेतरांना एकपत्नीत्वाचा कायदा लागू झाला तो १ मार्च १९८२ला. वारसा कायदा १९५८चा आहे, त्यात मुलगा-मुलगी समान. आपल्यापेक्षा किती आधी! महाराष्ट्राने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला १९९४मध्ये, सबंध देशात तो २००५मध्ये आला. पण गंमत अशी की कोंगसीची मालमत्ता कुणा एका बापाची नाही. ती सामाईक आहे, ती वाटली जात नाही. त्यामुळे वारसा कायदा कितीही चांगला असला तरी तो त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो. सामाईकात कोण धरलं जातं हे कायदा ठरवत नाही, आडनाव ठरवतं. आपल्या गावकीचं, भावकीचं, देवस्थानाच्या जमिनीचं यापेक्षा वेगळं काय आहे?

आता ज्यासाठी एवढं सांगितलं तिकडे येते.

याच गावांत, पेनांगला, सिंगापूरला, क्वालालंपूरला, दुसरीही एक कोंगसी होती. तिला छपरावर ड्रॅगन नव्हते. ती बहुधा एखाद्या दुकानाच्या माडीवरची भाड्याची खोली असे. तिला म्हणत ‘कोंगसी फोंग’. फोंग म्हणजे खोली. सामाईक खोली.

या खोल्या होत्या ‘मा चे’ बायकांच्या. घरकाम करणाऱ्या, पांढरा सदरा, काळी विजार, केस घट्ट बांधलेले. यांतल्या पुष्कळ जणी कँटनजवळच्या शुन्दे भागातल्या होत्या. तो रेशमाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे वाफेवर चालणारे रेशमाचे कारखाने निघाले आणि तरुण मुलींच्या हातात स्वतःचा पगार आला. पगार आल्यावर मुली म्हणू लागल्या, लग्न कशाला? तिथे लग्नाच्या वेळी नवरीचे केस विंचरून वर बांधण्याचा विधी असतो, वडीलधारी बाई ते करते. या मुलींनी देवासमोर, मैत्रिणींच्या साक्षीने स्वतःचे केस स्वतःच विंचरून बांधले. म्हणून त्यांचं नावच पडलं, स्वतः केस विंचरलेल्या. त्या विधीनंतर समाज तिला लग्न झालेल्या बाईसारखीच प्रौढ मानायचा, आणि पुन्हा लग्नाचं नाव काढायचं नाही.

टाळ्या नंतर वाजवा, कारण यालाही दुसरी बाजू आहे. याच भागात काही मुली लग्न तर करत, पण सासरी नांदायला जायचं टाळत, आणि सुटका हवी म्हणून स्वतःच्या कमाईतून नवऱ्याला दुसरी बायको विकत घेऊन देत. ती कुठून येणार? कुणाची तरी विकलेली पोरच. एकीच्या मोकळेपणाची किंमत दुसरीने मोजली. शिवाय भाऊ, भाचे, पुतणे या कमावत्या मुलींच्या पैशांवर शिकले, त्यांनी घरं बांधली. लग्न न केलेली बहीण म्हणजे घरचा पक्का उत्पन्नाचा मार्ग, हेही होतंच.

जागतिक मंदीत रेशीम बसलं. कारखाने बंद पडले. त्याच सुमारास मलायात सरकारने चिनी पुरुषांच्या येण्यावर संख्येची मर्यादा घातली, १९३३च्या कायद्याने ती पक्की झाली, पण बायकांना १९३८पर्यंत मोकळीक होती. तेव्हा या बायका बोटींतून निघाल्या. त्यांना कुठली कोंगसी घेणार होती? बापाचं आडनाव होतं, पण त्या दारातून बाईला आत जाता येत नव्हतं. म्हणून त्यांनी आडनाव बाजूला ठेवलं. सहा-आठ-दहा जणी मिळून एक खोली भाड्याने घ्यायच्या. काम मालकाच्या घरी, राहणं बहुतेक तिथेच, पण प्रत्येकीची पेटी आणि वळकटी या खोलीत. सुट्टीच्या दिवशी इथे यायचं, काम सुटलं की इथे यायचं, आजारी पडलं की इथे. त्यामुळे मालकीण फार बोलली तर बाई पेटी उचलून निघू शकत होती. जायला जागा होती ना! कोणत्या घरी मालक त्रास देतो ही बातमी खोलीत आधी पोचायची, आणि त्या घरी कोणी कामाला जायची नाही. आपल्या मोलकरीण संघटनेतल्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

त्यांच्यात भिशीही चाले, अगदी आपल्यासारखी. बँकेत त्यांना कोण उभं करणार? आणि एका गोष्टीसाठी त्या सगळ्यांत जास्त पैसे साठवत: स्वतःच्या मरणासाठी. कारण त्यांना माहीत होतं की भाऊ पैसे घेईल पण दारात मरू देणार नाही. काही जणी शाकाहारी मठांत पैसे भरून आपली जागा राखून ठेवत: म्हातारपणी खोली, मेल्यावर पेटी, आणि नंतर भिंतीवर एक नामपट्टिका. ज्यांना तेही जमलं नाही त्या सिंगापूरच्या सॅगो लेनमधल्या मरणघरांत जाऊन पडत. ती मरणघरं १९६१मध्ये बंद झाली.

खू कोंगसी आज जागतिक वारशाच्या जागेत मोडते. जॉर्ज टाउनला युनेस्कोने २००८मध्ये तो मान दिला. तिकीट काढून आपण आत जातो, तळघरात संग्रहालय आहे, चकचकीत. मा चे बायकांच्या भाड्याच्या खोल्यांची भाडी थांबली, तेव्हा त्या दुसऱ्या कुणाच्या झाल्या. सामान उचललं की खोलीत त्यांचं काही राहत नाही, कारण खोली त्यांच्या मालकीची नव्हतीच. ही गोष्ट मला त्या सोनेरी तुळयांखाली फार टोचली.

पण एक घर आहे. शुन्देमध्येच, जुन्आन नावाच्या गावात. सिंगापूर-मलायात राबणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून, पैसे पाठवून १९५०च्या सुमारास ते बांधलं. नाव पिंग्यूतांग, बर्फ आणि जेड यांवरून. परत येणाऱ्या बहिणींनी म्हातारपणी राहावं, तिथे मरावं आणि त्यांच्या पट्टिका तिथे लागाव्यात म्हणून. त्यांनी बांधली तीसुद्धा पूर्वजांच्या दालनासारखीच वास्तू, फक्त यातले पूर्वज म्हणजे मैत्रिणी. २०१२पासून तिथे संग्रहालय आहे. मी तिथे गेलेले नाही, जायची इच्छा आहे.

आता आपलं बोलू. परित्यक्तांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून आपण किती वर्षं भांडलो. १९८८ला संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली तेव्हा यातल्या काही जणी तिथे होत्या. २०२४च्या मेपासून महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचं ठरलं, आपण पेढे वाटले. नाव मिळालं. घर मिळालं का? गेल्या तीन वर्षांत आपल्या दोन जणी गेल्या. एकीला चाळीस वर्षं आपण ओळखत होतो. ती गेली तेव्हा ज्या पुतण्याला तिने कधी पाहिलं नव्हतं तो आला, त्याने किल्ली मागितली, आपण दिली. तिच्या वह्या, तिचे फोटो, मोर्च्याच्या पाट्या रद्दीत गेल्या. दवाखान्यात सही करायला आपल्यातली एक उभी होती, तिला विचारलं गेलं, तुम्ही कोण? मैत्रीण या शब्दाला फॉर्मवर जागा नव्हती.

कार्यकारिणीच्या मसुद्यात तीन गोष्टी आहेत, आणि तिन्हींवर मतभेद आहेत हे मी लपवत नाही. एक, दरमहा वर्गणी. कोणी म्हणतं पन्नास, कोणी म्हणतं दोनशे. धुणीभांडी करणाऱ्या सभासदेला दोनशे झेपणार नाहीत, तेव्हा ज्याची त्याची ऐपत बघा. दोन, जागा. भाड्याने की मालकीची? माझं मत मालकीची, लहान असली तरी चालेल, गावाबाहेर असली तरी चालेल, आणि मंडळाच्या नावावर नोंदलेली. भाड्याच्या खोलीचं काय होतं ते आत्ता सांगितलं. तीन, कुणाला घ्यायचं. सभासदांनाच, की दारात येणाऱ्या कोणत्याही बाईला? इथे मी पुष्कळ जणींच्या विरोधात आहे. दहा वर्षं सभासद असलेलीलाच घ्यायचं असं कलम मसुद्यात आहे, ते मला मान्य नाही. आडनावाऐवजी पावती, एवढाच फरक पडेल. मी ते कलम काढायची सूचना मांडणार आहे, तुम्ही हरवा मला, पण वाद घालून हरवा.

मृत्युपत्राचा साधा नमुना आपल्या वकील मैत्रिणीने तयार करून दिला आहे. त्यात सामानाचं काय करायचं, कागदपत्रं कुणाकडे द्यायची, अंत्यसंस्कार कुणी आणि कसे करावेत, हे लिहायला जागा ठेवली आहे. दोन साक्षीदार लागतात, त्या एकमेकींच्या होऊ शकतात, फक्त जिच्या नावाने काही ठेवलं आहे तिने साक्षीला राहायचं नाही. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. पन्नासच काढल्या आहेत, तेव्हा एका घरात दोन नेऊ नका. जेवण झालं आहे असं स्वयंपाकघरातून सांगतायत.